खांद्याचा दुसरा फोटो

१. हाताचे मूळ खांद्यात

आपण म्हणतो, आमचे पोट हातावर आहे. हे खरेच आहे. पण हात कशावर आहे? हात खांद्यावर आहे. झाडाचे मूळ जमिनीत असते, तसे हाताचे मूळ खांद्यात असते. मूळ ढिले झाले की झाड डोलते. खांदा बिघडला की हात असून नसल्यासारखा होतो.

ओझे उचलायचे तर खांदा लागतो. फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचा तर खांदा लागतो. बायांना भाकरी थापायची, केस विंचरायचे, पोर कडेवर घ्यायचे, तर खांदा लागतो. इतके काम करणाऱ्या या सांध्याविषयी आपल्याला फार थोडे ठाऊक असते. म्हणून आज आम्ही खांद्याचा पाठ घेतला आहे.

हा पाठ आम्ही नुसता पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या घरात एक चूक झाली, तिच्यातून शिकलो. ती चूक आधी सांगतो.

२. पौष महिन्यातली रात्र

सन २०१८ ची गोष्ट. पौष महिना होता. गव्हाला पाणी द्यायचे होते. लाईट रात्रीची होती. आमचा पुतण्या जेवून मळ्यात गेला. जमीन ओली, पाय अनवाणी, अन् स्टार्टरच्या पेटीला त्याने ओला हात लावला. जोराचा शॉक बसला. सारे अंग आखडले. मग तो बाजूला फेकला गेला.

सोबत शेजारचा गडी होता. तो शहाणा. त्याने अंगाला हात लावला नाही. आधी खांबावरचा मेन स्विच बंद केला, मग जवळ गेला. पुतण्या शुद्धीवर होता. जीव वाचला होता. पण उजवा खांदा फार दुखत होता. हात पोटाशी धरून तो घरी आला.

सकाळी त्याला तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात नेले. तिथे छाती तपासली, खांद्याचा एक फोटो काढला. फोटो समोरून काढलेला होता. "हाड मोडलेले नाही, मुका मार आहे," असे सांगितले. गोळ्या दिल्या. एक कागद दिला.

आम्ही घरातले शिकलेले. मॅट्रिक झालेले, हेडमास्तरकी केलेले. तो कागद आम्ही ओसरीवर बसून मोठ्याने वाचून दाखवला. त्यात लिहिले होते की मोड दिसत नाही. वहिनी दाराआड उभ्या होत्या. आम्ही त्यांना म्हणालो, "वहिनी, काळजी नको. फोटो चांगला आहे."

आठवडा गेला. पुतण्या म्हणाला, "काका, दुखणं कमी झालंय, पण हात बाहेर वळत नाही."

आम्ही म्हणालो, "दुखतंय म्हणून वळत नसेल. तू अंग चोरू नकोस. हळूहळू सुटेल."

मग कोणी सांगितले, खांदा आखडला आहे. मग एका हाड बसवणाऱ्याकडे नेले. त्याने तेल लावून रगडले. पोरगा ओरडला. हात काही वळला नाही. असे पाच आठवडे गेले.

शेवटी जिल्ह्याच्या गावी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी कागद मागितला नाही. त्यांनी पुतण्याचा सदरा काढायला लावला. दोन्ही खांदे शेजारी शेजारी बघितले. मग म्हणाले, "दोन्ही कोपरं अंगाला लावून धरा. हात कोपरात वाकवा. आता दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला न्या, दार उघडतो तसे."

डावा हात दारासारखा उघडला. उजवा जागचा हलला नाही.

डॉक्टरांनी आमच्याकडे बघितले. "गुरुजी, दुसरा फोटो कुठे आहे?"

आम्ही म्हणालो, "एकच काढला होता."

ते म्हणाले, "मग अर्धाच खांदा बघितलाय."

त्यांनी काखेच्या बाजूने दुसरा फोटो काढायला सांगितला. त्यात सारे उघड झाले. खांदा निखळलेला होता. पहिल्या दिवसापासून निखळलेला होता.

३. खांदा कसा बनलेला आहे

हे कसे घडले, ते कळण्यासाठी खांद्याची बांधणी समजून घेऊ.

खांद्यात तीन हाडे एकत्र येतात. पहिले दंडाचे हाड. त्याचे वरचे टोक गोळ्यासारखे गोल असते. दुसरे पाठीवरचे चपटे, तिकोनी हाड. त्याला आपण फरा म्हणतो. तिसरे गळ्याखालचे आडवे हाड. त्याला हासळीचे हाड म्हणतात.

फऱ्याच्या बाजूला एक उथळ खळगा असतो. त्या खळग्यात दंडाचा गोळा बसतो. म्हणून शाळेच्या पुस्तकात याला उखळीचा सांधा म्हणतात. पण खरी उखळ खोल असते. ही उखळ बशीसारखी उथळ आहे. मांडीचा सांधाही उखळीचाच. त्याची वाटी मात्र खोल असते. म्हणून मांडीचा सांधा सहसा निखळत नाही, अन् खांद्याचा पुष्कळदा निखळतो.

मग निसर्गाने खांद्याची वाटी उथळ का ठेवली? हात सगळीकडे फिरावा म्हणून. खांद्याइतका चौफेर फिरणारा सांधा शरीरात दुसरा नाही. पण जितकी मोकळीक जास्त, तितका आधार कमी.

हा गोळा बशीवर टिकतो कसा? चार स्नायू त्याला चहूकडून धरून ठेवतात. स्नायू म्हणजे मांस. हे स्नायू फऱ्यापासून निघतात आणि गोळ्याला येऊन चिकटतात. जिथे चिकटतात तिथे त्यांची चिवट दोरी होते. त्या दोरीला कंडरा म्हणतात. मांडवाच्या खांबाला चारी बाजूंनी ताण देतात ना, तसेच हे. एक ताण तुटला की खांब कलतो.

आता खांद्याला काय काय होऊ शकते ते बघा.

हाड मोडते. हात टेकून पडले की हासळी मोडते किंवा दंडाचे वरचे टोक मोडते. म्हाताऱ्या माणसांची हाडे ठिसूळ असतात. त्यांना थोडे पडणेही पुरते.

सांधा निखळतो. गोळा बशीवरून घसरतो. शंभर निखळलेल्या खांद्यांपैकी पंच्याण्णवच्या आसपास पुढच्या बाजूला निखळतात. तेव्हा खांद्याची गोलाई जाते, तो चौकोनी दिसतो. घरच्या माणसालाही ते दिसते.

थोडेसेच खांदे मागच्या बाजूला निखळतात. हे फसवे. शॉक बसला किंवा फेफरे आले की सारे स्नायू एकदम आखडतात. हात आत वळवणारे स्नायू बाहेर वळवणाऱ्यांपेक्षा जोरकस असतात. त्या ओढाताणीत गोळा मागे सरकतो. बाहेरून फारसे दिसत नाही. माणूस हात पोटाशी धरून बसतो. बघणाऱ्याला वाटते, दुखतेय म्हणून धरला असेल. आमच्या पुतण्याचे हेच झाले.

कंडरा फाटते. पडल्याने फाटते, किंवा वय झाले की झिजून फाटते.

खांदा आखडतो. याला मार लागलाच पाहिजे असे नाही. चाळीस ते साठ या वयात हा त्रास जास्त दिसतो. मधुमेह असलेल्यांना अधिक होतो.

४. क्ष-किरण म्हणजे काय

आपण ज्याला फोटो म्हणतो, तो खरे तर फोटो नव्हे. ती सावली आहे.

रात्री बॅटरी पेटवून तिच्यावर तळहात ठेवून बघा. हात लालसर दिसतो. उजेड थोडा आरपार येतो. पण साध्या उजेडाला फार आत जाता येत नाही. क्ष-किरणांना जाता येते. ते मांसातून सहज जातात. हाडात चुना असतो. तिथे ते पुष्कळसे अडतात. म्हणून फिल्मवर हाड पांढरे दिसते, मांस करडे दिसते आणि हवा काळी दिसते.

हे किरण जर्मनीतल्या वुर्ट्‌झबुर्ग या गावी विल्हेल्म राँटगेन नावाच्या शास्त्रज्ञाने शोधले. तारीख होती ८ नोव्हेंबर १८९५. हे कसले किरण ते त्यालाही ठाऊक नव्हते. गणितात ठाऊक नसलेल्या संख्येला इंग्रजीत 'एक्स' आणि मराठीत 'क्ष' म्हणतात. म्हणून ते एक्स-रे, आपले क्ष-किरण. त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्याने आपल्या बायकोच्या हाताचे चित्र घेतले. त्यात बोटांची हाडे आणि बोटातली अंगठी दिसली. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्यालाच मिळाले. या शोधाची मालकी त्याने आपल्या नावावर करून घेतली नाही. शोध साऱ्या जगाला मोकळा ठेवला. आज तालुक्याच्या रुग्णालयात आपले मोडलेले हाड दिसते, ते त्या माणसाच्या उपकाराने.

पुष्कळांना या किरणांची भीती वाटते. खांद्याच्या एका फोटोत अंगाला फार थोडे किरण लागतात. माती, हवा, आकाश यांतून आपल्याला निसर्गतः किरण लागतच असतात. ते दिवसा दोन दिवसांत जेवढे लागतात, तेवढेच एका फोटोत लागतात. तेव्हा गरज असेल तर भिऊ नये. गरज नसताना हौस म्हणूनही काढू नये. बाई गरोदर असेल तर मात्र तिने फोटोआधी तसे सांगावे. लाजू नये.

५. एक फोटो का पुरत नाही

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

फोटो ही सावली आहे, असे आम्ही म्हणालो. सावलीला लांबी असते, रुंदी असते, पण खोली नसते. दोन माणसे एकामागे एक उभी राहिली, अन् तुम्ही बरोबर समोर उभे राहिलात, तर मागचा माणूस पुढच्याला चिकटून आहे की दहा हात लांब आहे, ते तुम्हाला कळणार नाही. बाजूला जाऊन बघा, लगेच कळेल.

खांद्याचेही तसेच. गोळा मागे सरकला, तरी समोरून घेतलेल्या फोटोत तो बशीच्या जवळच दिसतो. जाणत्या माणसाला तिथेही एक खूण दिसते. गोळा आत वळलेला असल्याने तो विजेच्या दिव्यासारखा गोल दिसतो. पण गर्दीत, घाईत ही खूण सुटून जाते. हा निखळा पहिल्या भेटीत पुष्कळदा ध्यानात येत नाही, असे सारे हाडांचे डॉक्टर सांगतात.

म्हणून नियम असा आहे. खांद्याला मार लागला असेल तर निदान दोन बाजूंनी फोटो हवेत. एक समोरून, दुसरा काखेतून किंवा फऱ्याच्या बाजूने. काखेतून फोटो घ्यायला हात थोडा उचलावा लागतो. ते दुखते. म्हणून रोगीच 'नको' म्हणतो. तसे म्हणू नका. हात फारच उचलत नसेल तर फऱ्याच्या बाजूने फोटो घेता येतो. त्याला हात उचलावा लागत नाही.

आमच्या हातातला तो पहिला कागद खोटा नव्हता. हाड मोडले आहे का, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर त्यात होते. सांधा जागेवर आहे का, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. आम्हाला अक्षरे वाचता आली, पण काय लिहिलेले नाही ते वाचता आले नाही.

६. बाकीच्या तपासण्या

एक्स-रेत हाड दिसते. कंडरा, स्नायू दिसत नाहीत. त्यांच्यासाठी दुसऱ्या तपासण्या आहेत.

सोनोग्राफी. यात किरण नसतात, आवाज असतो. आपल्या कानाला ऐकू येणार नाही इतका तो बारीक असतो. वटवाघूळ अंधारात असाच आवाज काढते आणि परत आलेल्या आवाजावरून वाट ओळखते. सोनोग्राफीचे यंत्र तेच करते. खांद्याला गार मलम लावतात आणि लहानसे यंत्र फिरवतात. कंडरा फाटली असेल तर पडद्यावर दिसते. हाडाच्या आतले मात्र दिसत नाही.

इथे एक गंमत सांगतो. आमची आक्का वयाच्या बासष्टाव्या वर्षी न्हाणीत घसरली. हात टेकला. नंतर तिला हात वर नेता येईना. आपण धरून उचलला तर हात वर जाई. सोडला की पडे. एक्स-रेत हाड शाबूत होते. डॉक्टर म्हणाले, सोनोग्राफी करा. आक्का संतापली. "या वयात मला सोनोग्राफी? लोक काय म्हणतील? ती पोटुशी बाईची तपासणी!" तिथे भिंतीवर 'गर्भलिंग निदान केले जात नाही' अशी पाटी होती. ती बघून तर ती परतच निघाली होती. समजूत घालून आत नेली. कंडरा थोडी फाटली होती. नेमलेला व्यायाम तिने सहा महिने केला. आता तिचा हात फडताळाच्या वरच्या फळीला पोचतो.

आक्काच्या हातावरून एक खूण शिका. दुसऱ्याने उचलला तर हात जातो, पण स्वतःला उचलवत नाही, तेव्हा कंडरेचा संशय घ्यावा. दुसऱ्यानेही उचलला जात नाही, तेव्हा खांदा आखडलेला असेल. पण शॉक, फेफरे किंवा पडणे झाल्यावर हात बाहेर वळतच नसेल, तर आधी निखळल्याचा संशय घ्यावा. आखडलेला म्हणून सोडून देऊ नये.

सी. टी. स्कॅन. यातही क्ष-किरणच असतात, पण यंत्र सभोवार फिरते. काकडीच्या चकत्या करून आत बघावे, तसे हाडाच्या चकत्यांचे चित्र मिळते. लंडनमध्ये १९७१ साली पहिल्यांदा अशी तपासणी एका रोग्यावर झाली. हाड किती तुकड्यांत मोडले, ऑपरेशन कुठून करावे, हे यात नीट कळते. यात साध्या फोटोपेक्षा किरण जास्त लागतात. म्हणून लागेल तेव्हाच करावी.

एम. आर. आय. यात किरण नसतात. मोठा लोहचुंबक असतो. कंडरा, स्नायू, सांध्याच्या कडा, सारे यात दिसते. बोगद्यासारख्या यंत्रात अर्धा पाऊण तास न हलता पडून राहावे लागते. ठोकल्यासारखा मोठा आवाज होतो. घाबरू नये. पण अंगावर धातू नको. किल्ल्या, करदोडा, मंगळसूत्र, साडीची पिन, सारे बाहेर काढून ठेवावे. हृदयात यंत्र बसवले असेल, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, अंगात पट्टी किंवा खिळा असेल, तर आधी सांगावे. हे सांगणे जिवाशी गाठ आहे.

महाग तपासणी ती चांगली, असे समजू नका. खुरप्याने होणाऱ्या कामाला नांगर जुंपत नाहीत. आखडलेल्या खांद्याला बहुधा हाताने तपासून आणि साध्या फोटोवरच ओळखतात. आणखी एक ध्यानात घ्या. साठी उलटलेल्या पुष्कळ माणसांच्या खांद्यात कंडरा फाटलेली दिसते आणि त्यांना काहीच दुखत नसते. चित्रात दिसले म्हणून ऑपरेशन करायचे नसते. औषध माणसाला द्यायचे, चित्राला नव्हे.

७. खांद्याला मार लागला तर

पहिली गोष्ट. शॉक बसलेल्याला हात लावू नका. आधी वीज बंद करा.

दुसरी गोष्ट. खांदा ओढू नका. पाय काखेत देऊन हात खेचणारे लोक आम्ही पाहिले आहेत. आत हाड मोडले असेल तर ओढल्याने तुकडे सरकतात. खांद्याजवळून शिरा आणि मज्जातंतू जातात. ते दुखावतात. डॉक्टरसुद्धा आधी फोटो बघतात, मग भूल किंवा औषध देऊन सांधा बसवतात, आणि बसवल्यावर पुन्हा फोटो काढतात.

तिसरी गोष्ट. हात ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत उपरण्याची झोळी करून गळ्यात अडकवा. अंगठ्या, बांगड्या काढा. सूज आली की त्या रुततात.

चौथी गोष्ट. तेल लावून रगडू नका. पोटभर जेवू घालू नका. भूल द्यावी लागली तर पोट रिकामे असलेले बरे.

पाचवी गोष्ट. बोटे बघा. गार पडली, निळी झाली, बधिर झाली, हलेनाशी झाली, तर एक घटकाही दवडू नका. दंडाच्या वरच्या बाहेरच्या अंगाला स्पर्श कळतो का तेही विचारा. कळत नसेल तर डॉक्टरांना सांगा. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर फोन केला की रुग्णवाहिका येते.

सहावी गोष्ट. मार कसा लागला ते डॉक्टरांना पूर्ण सांगा. शॉक बसला, फेफरे आले, झाडावरून पडला, बैलाने ओढले, जे असेल ते सांगा. कसे घडले, यावरून डॉक्टर काय शोधायचे ते ठरवतात.

८. पुढे काय झाले

पुतण्याच्या खांद्याचे सी. टी. स्कॅन झाले. पाच आठवडे बशीची कड गोळ्यात रुतून बसली होती. गोळ्याला पुढून खाच पडली होती. पहिल्या दिवशी कळले असते, तर भूल देऊन, न कापता सांधा बसवता आला असता. आता ऑपरेशन करावे लागले. डॉक्टरांनी गोळा जागी आणला. खाच भरण्यासाठी जवळची कंडरा सोडवून तिथे बसवली. सहा आठवडे हात बांधून ठेवला. मग महिनोन् महिने व्यायाम. त्या वर्षी गव्हाची काढणी दुसऱ्यांनी केली. एक म्हैस विकावी लागली.

आज त्याचा हात डोक्यापर्यंत जातो. तो ट्रॅक्टर चालवतो. पण हात पाठीला पोचत नाही. सदरा घालताना तो हात आधी बाहीत घालावा लागतो. दर सकाळी आम्ही ओसरीवरून ते बघतो.

एकदा आम्ही त्याला म्हणालो, "तू सांगत होतास, हात वळत नाही म्हणून. आम्ही ऐकलं नाही."

तो म्हणाला, "काका, तुम्ही वाचलेलं मला खरं वाटलं. मीच पुन्हा बोललो नाही."

वाचकहो, म्हणून हा पाठ लिहिला. तुम्ही आता वाचायला शिकलात. घरात कागद आला की तुम्ही तो वाचाल, अन् घरचे तुमच्यावर भरवसा ठेवतील. हा भरवसा मोठा आहे. कागद जरूर वाचा. पण कागद एक सांगतो आणि माणसाचे अंग दुसरे सांगते, असे झाले तर माणसाचे ऐका. त्याला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा. आणि विचारा, "डॉक्टर, दुसऱ्या बाजूने फोटो काढला का? सांधा जागेवर आहे का?" विचारण्यात अपमान नाही. चांगला डॉक्टर रागावत नाही.

ध्यानात ठेवा

१. खांद्याची वाटी उथळ आहे. म्हणून तो लवकर निखळतो.
२. 'हाड मोडले नाही' म्हणजे 'सारे ठीक आहे' असे नव्हे.
३. मार लागलेल्या खांद्याचे निदान दोन बाजूंनी फोटो हवेत.
४. शॉक किंवा फेफरे यानंतर हात बाहेर वळत नसेल, तर खांदा मागे निखळलेला असू शकतो.
५. खांदा ओढू नये, रगडू नये.
६. जुने फोटो आणि कागद जपून ठेवावे. पुढच्या डॉक्टरांना ते दाखवावे.

प्रश्न

१. खांद्यात कोणती तीन हाडे एकत्र येतात?
२. मांडीपेक्षा खांदा लवकर का निखळतो?
३. समोरून काढलेल्या एका फोटोत मागे निखळलेला खांदा का कळत नाही?
४. एम. आर. आय. करण्याआधी अंगावरचे काय काय काढावे? डॉक्टरांना काय सांगावे?
५. आक्काला सोनोग्राफी का नको होती? तुम्ही तिला काय सांगितले असते?
६. करून पाहा : दोन्ही कोपरे अंगाला लावून पंजे दारासारखे बाहेर न्या. दोन्ही हात सारखे वळतात का ते घरच्या माणसाला बघायला सांगा.

शब्दांचे अर्थ

कंडरा – स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी
फरा – पाठीवरचे चपटे, तिकोनी हाड
हासळी – गळ्याखालचे आडवे हाड
निखळणे – सांध्यातले हाड जागेवरून सरकणे
मुका मार – वर जखम न दिसणारा मार
मज्जातंतू – मेंदूचा निरोप अंगाला पोचवणारे धागे
क्ष-किरण – मांसातून आरपार जाणारे, हाडात पुष्कळसे अडणारे किरण